तिसरी हाक

कडूबाला मी जितक्या शिव्या दिल्या तितक्या सख्ख्या भावालाही दिल्या नसतील. माणूसच तसा होता. वरवट बकालच्या बाजाररस्त्यावर लिंबाखाली त्याचं सायकलींचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याची टपरी, भाड्यानं द्यायच्या चार-दोन सायकली आणि पंक्चर शोधायला पाण्यानं भरलेलं घमेलं. सकाळी सायकल दुरुस्तीला टाकावी तर संध्याकाळी ती तशीच उलटी पडलेली, आणि हा मात्र शाळेतल्या कुठल्या तरी पोराच्या खेळण्यातल्या मोडक्या गाड्याला फुकटात चाक बसवत बसलेला. ओरडलं की हसायचा. "मास्तर, पायी चाललं तं तब्येत चांगली राह्यते," असं वर मलाच ऐकवायचा.

मी तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो. बुलढाण्याहून बदलून आलो तेव्हा महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली होती, जिल्हा परिषद नवीन होती आणि माझा राग नाकावर होता. तो अजून तिथेच आहे. तरी गावात माझी तिघांशी गट्टी जमली. एक उत्तमराव, मोठे जमीनदार, बोलतील ती पूर्व दिशा. दुसरा तुळशीराम, वांग्या-मिरच्यांचा मळा करणारा, तोंडातून शब्द काढायला ज्याला कष्ट पडत. आणि तिसरा हा कडूबा.

नाव त्याच्या आईनं, गोजरबाईनं, मुद्दाम तसं ठेवलेलं. आधीचा मुलगा लहानपणीच गेला होता. ह्याचं नाव कडू ठेवलं की मरण ह्याला तोंड लावणार नाही, असा तिचा हिशेब. नवराही लवकर गेला, तेव्हा तिला ह्या एकाशिवाय कोणी नव्हतं. नावावरही तिचं समाधान झालं नाही. तिनं त्याला एक नेम लावून दिला होता. दिवेलागणीनंतर घरी, किंवा रानात कुठल्याही वेळी, कोणी नावानं हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसरीलाही नाही. चकवा ओळखीच्या आवाजात दोनदाच हाक मारतो, ओ दिली की भुलवून नेतो. तिसरी हाक मारतो तो जिवंत माणूस.

आमच्याकडे ही गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक असते, पण पाळत कोणी नाही. कडूबा पाळायचा. संध्याकाळी त्याच्या दारात जायचं, दोनदा हाक मारायची आणि गप्प उभं राहायचं, हा आमचा आवडता चावटपणा होता. फटीतून दिसायचं, आत हा घास हातात धरून बसलेला. तिसरी हाक मारली की "ओ!" असं ओरडायचा की गल्लीतली कुत्री उठायची. मी त्याला समजावून थकलो. "अरे, चकवा-बिकवा काही नसतं," म्हटलं की म्हणायचा, "नसन बी. पन मायनं सांगतलं ना!"

सातपुड्यात एक रात्र काढायची टूम माझीच. सोनाळ्याच्या वर डोंगर चढून जायचं, झऱ्याकाठी मुक्काम करायचा, रविवारी निखाऱ्यांच्या आरावर कणकेचे रोडगे भाजून खायचे आणि संध्याकाळी परतायचं. उत्तमरावांनी गाडी-बैल द्यायचं कबूल केलं. तुळशीराम वांगी आणि घरच्या गोवऱ्यांचं पोतं आणणार होता. रानातल्या काटक्यांच्या आरावर रोडगे चांगले होत नाहीत, हे त्याचं दिवसभरातलं सगळ्यात लांब वाक्य. आणि रोडगे कडूबाच्या हातचेच, ह्याबद्दल गावात दुमत नव्हतं.

पौष चालू होता. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी कडूबाला घ्यायला गेलो. गोजरबाई ओट्यावर बसली होती. अंगणापलीकडे एक बुजवलेली विहीर होती, तिच्यावर गवत माजलं होतं. बाईची नजर बोलताना सारखी तिकडं जायची. तिनं मला थांबवलं.

"मास्तर, याले तुमच्या हाती देऊन राह्यली. जसा नेला तसा आनून द्या."

"गोजरबाई, डोंगरात चाललोय, लढाईवर नाही."

"हाव. पन शब्द द्या."

मी दिला. हसत दिला. घोड्यासारखा वाढलेला बाप्या, त्याच्यासाठी शब्द कसला मागायचा!

शनिवार मजेत गेला. गाडी सोनाळ्याला उत्तमरावांच्या साडूकडे सोडली आणि सामान खांद्यावर घेऊन चढलो. झऱ्याच्या काठी सपाट जागा सापडली. समोर दरी, दरीच्या पलीकडे काळा कडा. इकडून ओरडलं की शब्द त्या कड्यावर आपटून परत येई. उत्तमरावांनी अंधार पडताच खडकामागे लपून "कडूबाऽ" म्हणून दोन हाका मारल्या. कडूबानं घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली ती तोंड बाहेर काढीना. आम्ही पोट धरून हसलो. थंडी अशी होती की शेकोटीकडे तोंड केलं तर पाठ गारठायची. असल्या थंडीत उघड्यावर राहणाऱ्या माणसाचं काय होईल, हा विचार माझ्या मनात त्या रात्री आला नाही. आला तो दुसऱ्या दिवशी.

रविवारी सकाळी कडूबानं कणीक मळून गोळे केले, तुळशीरामनं गोवऱ्या पेटवल्या. पत्रावळी लावायला पळसाची पानं हवी होती. "मी आनतो," म्हणून कडूबा विळा घेऊन उठला. जाताना मला म्हणाला, "मास्तर, आर जास्त नोका होऊ देऊ. वरून काये अन् आतून कच्चे राह्यतीन." हे त्याचे शेवटचे शब्द ठरतात की काय, ह्या विचारानं पुढं दिवसभर मला पोखरलं.

रोडगे भाजून झाले. राखेत पुरून झाले. वांग्याची भाजी शिजली. कडूबाचा पत्ता नाही.

"पानं आनाले गेला का झाड लावाले?" उत्तमराव म्हणाले. आम्ही हसलो, पण फार नाही. मी पायवाटेनं निघालो, मागून ते दोघं आले. डोंगराच्या सोंडेवर पळसाची झाडं होती. तिथं एका झाडाखाली पानांचा भारा पडलेला होता. वेलीनं नीट बांधलेला. विळा नव्हता. भाऱ्यापासून पुढं जमीन एकदम खाली गेली होती, मुरूम सुटा होता, आणि त्यावरून काहीतरी घसरत गेल्याची रक्ताची ओली रेघ उमटली होती. खाली घाणेरीची दाट जाळी आणि तिच्याखाली दरी.

मी "कडूबा, कडूबा" म्हणून गळा फाडायला लागलो तसा उत्तमरावांनी माझा दंड धरला.

"गडबड नोका करू, मास्तर. ढोर हरपलं की आमी काय करतो? दोन हाका माराच्या अन् मंग गप्प राहून कान द्याचा. आपनच बोंबलत राह्यलो तं त्याचा आवाज कसा ऐकू येईन?"

बोलणं रास्त होतं. सारं आयुष्य ढोरांमागे काढलेल्या माणसाचं होतं. म्हणून तसंच ठरलं. एकानं दोन हाका मारायच्या, सगळ्यांनी श्वास धरून ऐकायचं, मग पुढं सरकायचं. मी मारल्या. नंतर तुळशीरामनं मारल्या. नंतर उत्तमरावांनी. कड्यानं प्रत्येक हाक परत केली. बाकी वाऱ्याशिवाय काही नाही.

उतार चढून वर येता येईना म्हणून तो खालून झऱ्याकडे गेला असेल, असं उत्तमरावांना वाटलं. लांब वळसा घालून आम्ही दरीत उतरलो. दोन हाका, कान, पुढं. दोन हाका, कान, पुढं. घाणेरीच्या काट्यांनी हात सोलून निघाले. झऱ्याच्या चिखलात तुळशीराम एकदम खाली वाकला. अस्वलाचा पंजा होता, कडा अजून ओलसर.

"ताजा हाय," तो म्हणाला. एवढंच.

मी देवाधर्माचा माणूस नाही, पण त्या चिखलाशी उभं राहून मी मारुतीला नवस बोललो. माझ्या डोळ्यांपुढं अस्वल नव्हतं, ओट्यावरची गोजरबाई होती. जसा नेला तसा आनून द्या. काय आणून देणार होतो मी तिला? कडूबाचा विळा?

सूर्य कलला. दरीत सावली आली आणि सावलीबरोबर गारठा. आमच्यापैकी कुणाच्याही पोटात अन्नाचा कण नव्हता. राखेतले रोडगे तसेच पडले होते आणि त्यांची आठवणही कुणी काढत नव्हतं. पुन्हा वर चढून आम्ही त्या पानांच्या भाऱ्यापाशी आलो. पानं सुकायला लागली होती.

उत्तमरावांनी फेटा काढून तोंड पुसलं. "मास्तर, आता आपल्या तिघाच्यानं होत नाही. सोनाळ्याले जातो, मानसं, मशाली घेऊन येतो."

"येईपर्यंत रात्र होईल. रक्त गेलेला माणूस ह्या थंडीत राहील का?"

"मंग काय करता? तो ऐकत असता तं ओ देल्ली असती. निपचित पडला असन कुठी, नाई तं..."

"नाही तर काय? बोला ना!"

"तुमाले मालूम हाय काय."

"मला नाही मालूम! त्याच्या आईला शब्द तुम्ही नाही दिला, मी दिला!"

आम्ही असे एकमेकांवर धावलो की तुळशीराम मध्ये पडला नसता तर दोन शहाणी माणसं त्या सोंडेवर गुद्द्यांवर आली असती. उत्तमराव पाठ फिरवून चालू लागले. तुळशीरामनं माझ्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि तोही निघाला. त्या दोघांचं काही चुकत नव्हतं, पण मला तेव्हा सगळ्या जगाचा राग आला होता. उत्तमरावांचा, अस्वलाचा, रोडग्यांचा, आणि सगळ्यांत जास्त कडूबाचा. पत्रावळी लागतात कशाला? परातीत खाल्लं असतं! मी कड्याकडे तोंड करून ओरडलो.

"कडूबाऽ!"

कड्यानं हाक परत दिली.

"कडूबाऽ!"

शांत. इथं थांबून कान द्यायचा असं ठरलं होतं. मी थांबलो नाही. ठरलेलं गेलं खड्ड्यात.

"अबे कडूबाऽ! गाढवा, मेला का बे तू? मेला असशील तं सांग तरी!"

"ओऽ!"

आवाज आला तो थेट माझ्या पायांखालून. बारीक, घोगरा, पण तोच. गल्लीतली कुत्री उठवणारा. मी पालथा पडून काठावरून खाली डोकावलो. उत्तमराव आणि तुळशीराम वाटेवरून धावत परत आले. "ओऽ मास्तर! अठी! खाली!"

फेटा आणि घोंगडी एकमेकांना बांधून तुळशीराम खाली उतरला. आम्ही उभे होतो त्याच खडकाच्या पोटात कपार होती, आणि कपारीत कडूबा बसला होता. घसरताना त्याचाच विळा पोटरीत घुसला होता. धोतर फाडून त्यानं पाय आवळून बांधला होता, तरी ते सगळं लालेलाल झालं होतं. ओठ निळे पडले होते. त्याला वर ओढून घेताना आमच्यावर काय वेळ आली ते आम्हालाच ठाऊक. वर आल्यावर उत्तमरावांनी, त्या बोलतील ती पूर्व दिशा असणाऱ्या माणसानं, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि ते ढसाढसा रडले.

"कवाच्या हाका मारून राह्यलो बे तुले! ऐकू आल्या नाई का?"

"आल्या ना. समद्या आल्या."

"मंग काऊन बोलला नाई?"

"दोनदोनच मारत होते तुमी," कडूबा म्हणाला. "तुमचा आवाज आला, दोनदा. तुळशीरामचा आला, दोनदा. मास्तरचा आला, दोनदा. अन् आला कुठून? समोरच्या कड्यातून. तठी तं कोनीच नव्हतं. मले दिसत होता ना कडा! म्या तोंडात मूठ घालून बसलो."

कपारीच्या छतामुळं आमची खरी हाक त्याच्यापर्यंत पोचत नव्हती, कड्यावरून परतलेलीच तेवढी पोचत होती. आणि आम्ही तिघं, त्याच्या दारात दोन हाका मारून हसणारे आम्ही तिघं, दिवसभर त्याला ढोरासारखे दोनदोन हाका मारत हिंडलो होतो. एकालाही आठवण झाली नाही.

"अन् मंग ओ कशी देल्ली?" तुळशीरामनं विचारलं.

"तिसरी आली ना. अन् मास्तरनं शिव्या देल्ल्या. चकवा शिव्या नाई देत."

उत्तमराव रडता रडता हसायला लागले. मला हसू आलं नाही. माझा राग गेला नव्हता. आणखी थोडा उशीर झाला असता तर हा मूर्ख माणूस आमच्या पायांखाली, आमची हाक ऐकत ऐकत, तोंडात मूठ घालून मेला असता.

बांबू तोडून, घोंगडीची झोळी करून त्याला सोनाळ्याला उतरवलं. तिथल्या डॉक्टरांनी टाके घातले, रक्त फार गेलंय म्हणाले, रात्रभर हलवू दिलं नाही. सोमवारी दिवस वर आल्यावर आमची गाडी वरवट बकालला शिरली.

गोजरबाई ओट्यावरच होती. शनिवारी पाहिली तशीच, त्याच जागी. शेजारीण म्हणाली, काल संध्याकाळपासून उठली नाही, पाण्याचा घोट घेतला नाही. कडूबाला उचलून आत नेला, तेव्हा तिनं त्याच्या तोंडावरून, छातीवरून, बांधलेल्या पायावरून हात फिरवला. औषधाच्या गुंगीत तो लगेच झोपला. उत्तमराव, तुळशीराम घरी गेले. मी ओट्यावर तिच्याशेजारी बसलो, आणि तेव्हा माझा बांध फुटला.

"गोजरबाई, शब्द पाळला मी. पण तुमच्या त्या तिसऱ्या हाकेपायी पोरगा जात होता तुमचा! सकाळपासून आम्ही हाका मारतोय आणि हा गप्प! चकवा म्हणे! कुठं असतो चकवा? कुणी पाहिलाय? आता तरी त्याला सांगा, हाक आली की ओ देत जा म्हणून!"

मी पुष्कळ बोललो. ती सगळं ऐकून घेत होती. माझा श्वास संपल्यावर ती म्हणाली,

"चकवा मले बी नाई मालूम, मास्तर. म्या कधी पाह्यला नाई."

"मग?"

तिनं आत पाहिलं, कडूबा झोपलाय ना ते. मग आवाज खाली आणला.

"याच्याआधीचा माहा सहदेव. तो विहिरीत गेला ना, त्याले हाक म्याच मारली होती."

माझी नजर अंगणापलीकडच्या त्या बुजवलेल्या विहिरीकडे गेली.

"दिवे लागले होते. तो तिकडं, विहिरीपल्याड खेळत होता. भाकर थंडी होऊन राह्यली होती, म्हनून म्या या ओट्यावरून हाक देल्ली. एकच. लय गुणाचं लेकरू होतं, मास्तर. माही हाक खाली पडू देत नव्हतं. ओ म्हनलं अन् सरळ धावत निंघालं, तशा अंधारात. विहिरीले तवा कठडा नव्हता. ओ म्हनलेलं ऐकू आलं मले. मंग काईच ऐकू आलं नाई."

अंगणात कोंबड्या माती उकरत होत्या. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"लोकायनं म्हनलं, चकव्यानं नेला. म्या म्हनलं, हाव, चकव्यानंच नेला. मंग हा झाला. याले हाकेवर धावू द्याचं नव्हतं मले. तिसऱ्या हाकेपावतर थांबन तं लेकरू जरा पाहीन तरी, पाय कुठी पडते आपला. आनखी काय करू शकत होती म्या, सांगा!"

मी मास्तर माणूस. सांगणं हा माझा धंदा. आयुष्यात कधी कुणाच्या पाया पडलो नव्हतो, त्या दिवशी गोजरबाईच्या पडलो. ती म्हणाली, "याले नोका सांगू. चकवाच राहू द्या." मी म्हटलं, नाही सांगत.

सांगितलं नाही. कडूबाचा पाय बरा झाला, जरा लंगडतो एवढंच. चकव्याच्या तावडीतून सुटल्याची गोष्ट तो गिऱ्हाइकांना तिखटमीठ लावून ऐकवतो, आणि गोजरबाई कुठं बाजूला असली तर मान हलवून "हाव" म्हणते. माझी सायकल अजून संध्याकाळपर्यंत उलटी पडलेली असते आणि मी अजून त्याला शिव्या देतो. पण आता लिंबाखाली भर उजेडात, त्याच्यापासून चार हातांवर उभा असलो तरी मी तीन हाका मारतो. तो पहिलीलाच मान वर करतो आणि हसतो. "दिसून राह्यलो ना मी, मास्तर?" म्हणतो. मी उरलेल्या दोन मारतोच.